कागदातलं पाखरतळं

पोरांनो, जरा असं मनात आणा. तुमचंच गाव आहे. तीच चावडी, तोच पार, तीच शाळा. घरं तीच आणि घरातल्या माणसांची नावंही तीच. फरक एवढाच, की त्या गावात विहिरींना पाणी आहे, रानात ज्वारी पुरुषभर उंच उभी आहे आणि घरोघरच्या कणग्या काठोकाठ भरलेल्या आहेत. तिथं कुणी उपाशी झोपत नाही, कारण तिथं कुणी झोपतच नाही. चुलीतून धूर निघत नाही. झाडावर पाखरू बसत नाही. ऊन आहे, पण कुणाची सावली पडत नाही. ते गाव एका वहीत आहे. वही मिटली की गाव मिटतं आणि उघडली की सगळे आपापल्या रानात पुन्हा उभे.

आता असं समजा, की मोठ्या ऑफिसातल्या लोकांना तुमचं गाव दिसतच नाही. त्यांना दिसतं ते वहीतलं. मग तुम्ही इथून कितीही हाका मारा, त्या पोचतील का?

सालेहाला हा प्रश्न पडला तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तिचं गाव पाखरतळं. चाकूरहून उदगीरकडं जाताना एक कच्चा रस्ता फुटायचा, त्या रस्त्यानं दोन तास चाललं की लागायचं. लातूर जिल्हा उस्मानाबादेपासून वेगळा होऊन तिसरं वर्ष चालू होतं. लोकांना वाटलं होतं, ऑफिस जवळ आलं, आता आपलं गाऱ्हाणं लवकर ऐकलं जाईल. ऑफिस जवळ आलं खरं, पण पाऊस लांब गेला. पहिल्या वर्षी तो थोडा कमी पडला, दुसऱ्या वर्षी निम्मा, आणि यंदा तर ढग नुसते वरून जात राहिले.

जुने कागद मात्र न चुकता आले. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे ट्रकात घालून लातूरला आणले आणि नव्या कपाटांत रचले. त्यात जे लिहिलं होतं तेच नव्या जिल्ह्यानं खरं धरलं. त्याच्याकडं दुसरं होतं तरी काय?

सालेहाचे वडील जिलानी हे गावचे मापाडी. ज्याच्या त्याच्या खळ्यावर जाऊन धान्य तोलून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं. तीन बांबू एकत्र बांधून उभे करायचे, त्यांना मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात वजनं. पोत्यामागं दोन ओंजळी ज्वारी ही त्यांची मजुरी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हाताला दांडीचा तोल अजून अचूक कळायचा, पण वजनांवरचे आकडे दिसेनात. तेव्हापासून सालेहा शेजारी बसून वजन मोठ्यानं सांगायची. ती सांगेल तो आकडा गाव मानायचं.

तोलायला धान्यच नाही, तर ओंजळी कुठून येणार? सालेहाची आई बेगमबी हिनं त्या माघात भांडी पोत्यात भरायला काढली होती. सालेहाचा मामा नजीर धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या आडतीवर होता. तिथं मिरचीची देठं खुडायला बायापोरी लागत. मायलेकींना दोघींना काम मिळणार होतं. शाळा अर्थातच सुटणार होती.

"वाटी मोकळी कर, बेटी," बेगमबी म्हणाली. "ही पण भरायची हाय."

"अम्मी, आणि दुष्काळ जाहीर झाला तर?"

"तर ओढ्यावर बांधाचं काम निघंल. मी टोपली उचलीन. मग कशाला जायचं गाव सोडून?"

"कधी जाहीर होणार?"

"ते कागदाला विचार."

कागदाचा हिशेब असा होता. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. गावाचं पीक आठ आण्यांच्या खाली आलं, की सरकार दुष्काळ मानायचं आणि काम काढायचं. त्याच्या वर असलं, तर गाव सुखी आहे असं धरायचं. ही आणेवारी ठरवायला गावातल्या दोन-तीन रानांत मोजणी व्हायची. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा दोरीनं आखायचा, तेवढ्यातलं पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. त्या तुकड्यांवरून गावाची ज्वारी काढत, आणि त्या ज्वारीवरून शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न. मग ते जिल्ह्याच्या पुस्तकात छापून यायचं.

त्याच आठवड्यात नवे ग्रामसेवक जिलानींच्या दारात येऊन उभे राहिले. निवृत्ती सोनकांबळे त्यांचं नाव. वय असेल अठ्ठावीस. धर्माबादकडचेच, पण बदली होऊन तीन आठवड्यांपूर्वी इकडं आलेले. सरकारी तराजूची साखळी तुटली होती म्हणून ते जिलानींचा तराजू मागायला आले होते. काखेत एक जाड वही होती.

"जिलानीभाई, गेल्या साली गावात ज्वारीची किती पोती तोलली?"

जिलानी हसले. "बरकत होती, साहेब."

"तसं नाही. आकडा सांगा."

"लई बरकत होती."

निवृत्तींनी वही उघडली. "इथं लिहिलंय, हेक्टरी नऊ क्विंटल तीस किलो. गावाला ज्वारी दोनशे हेक्टर. म्हणजे अठराशे साठ पोती."

सालेहाला हसू फुटलं.

"काय झालं गं?"

"साहेब, सगळ्या गावाची मिळून दोनशे बारा होती. मीच सांगितलीत ना. एक एक."

निवृत्ती तिच्याकडं बघत राहिले. ते चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. "मग उरलेली सोळाशे अठ्ठेचाळीस कुठंयत?"

"मला तर न्हाई दिसली."

"वहीत आहेत," निवृत्ती हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी एक पान उलटून तिच्यापुढं धरलं. त्यावर गावातल्या घरांची नावं होती आणि प्रत्येकापुढं वर्षाचं उत्पन्न. सालेहाचं बोट खाली सरकत गेलं. एका ओळीवर ते थांबलं. जिलानी, मापाडी. कुटुंबातली माणसं तीन. पुढं अठराशे साठ पोत्यांच्या ओंजळी पायलीवर बसवून लिहिल्या होत्या. एवढी ज्वारी तिच्या घरात मावलीसुद्धा नसती.

म्हणजे त्या गावातही एक सालेहा होती. ती पोटभर जेवत होती, तिच्या आईनं भांडी बांधली नव्हती आणि तिची शाळा सुटणार नव्हती. ऑफिसला माहीत होती ती सालेहा. हिला कुणी ओळखतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती पारावर गेले. सालेहाही गेली, कारण तराजू द्यायचा की नाही हे अब्बांनी पंचांना विचारायला सांगितलं होतं. पारावर नरसिंग बसला होता. त्याचं रान गावात सगळ्यांत मोठं. शेजारी धुरपताबाई कडब्याच्या पेंढीतली तुटकी पानं वेगळी करत होती. तिला गावात सगळे मावशी म्हणत.

"जुने साहेब पिकाची मोजणी कशी करायचे?" निवृत्तींनी विचारलं.

"लई भला माणूस," नरसिंग म्हणाला. "वर्षातून एकदाच यायचा. येळवशीला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याची कोपी म्हणजे खोप उभारतात, तिच्यात पाच दगड मांडून पुजतात, भज्जी आणि आंबिलीचा निवद दाखवतात, आणि जो येईल त्याला जेवायला बसवतात. जिलानींच्या घरालाही दरवर्षी चार रानांतून बोलावणं असायचं.

"येळवशीलाच का?"

"समदे एका जागी सापडतेत ना," धुरपताबाई म्हणाली. "आन् आंबील सापडतीय. दोन गाडगी प्याला की तिथंच कोपीत आडवा व्हायचा. आमी त्याची वही त्याच्याच उशाला द्यायचो."

लोक हसले. निवृत्तीही थोडे हसले.

"मग पिकाचं कधी विचारायचे?"

"जेवता जेवता. 'कसं हाय यंदा, नरसिंग?' मनायचे. म्या मनायचो, भरपूर हाय."

"होतं का भरपूर?"

नरसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "साहेब, तुमच्याकडं येळवस करतेत का?"

"आमच्या गावात नाही."

"मंग तुमाला कसं सांगावं. रानात उभं राहून, निवद दाखवल्यावर, न्हाई मनायचं नसतंय. खळ्यावर बी तसंच. रिकामं, सरलं, कमी, हे शब्द तोंडातून काढायचे नसतेत. पयल्या मापाला एक बी मनत न्हाईत आमी. आमी लाभ मनतो, जिलानीभाई बरकत मनतेत. न्हाई मनलं की ते ऐकतंय."

"कोण ऐकतंय?"

धुरपताबाईच्या हातातलं पान मोडलं, तेवढाच आवाज झाला.

"म्हणजे तुम्ही रानाला सांगत होता," निवृत्ती सावकाश म्हणाले, "आणि लिहून ऑफिस घेत होतं. बारा वर्षं."

"आमाला काय ठावं, ते लिवून घेत हाय मनून," धुरपताबाई म्हणाली. "आमाला वाटलं, जेवता जेवता बोलायलाय बिचारा."

निवृत्तींनी खिशातून एक कागद काढला. मोजणी कुठं करायची, ते लातूरहून कळवलेलं होतं. ती रानं कुणी आपल्या मनानं निवडायची नसतात. आकड्यांची चिठ्ठी निघेल तेच रान आणि त्यातली तीच जागा. "यंदा दोन रानं आलीत. एक नरसिंगचं. दुसरं गट नंबर त्रेसष्ट, लिंबाजीचं. लिंबाजी कोण?"

धुरपताबाईचे हात पेंढीवरच थांबले.

"लिंबाजी न्हाई," नरसिंग म्हणाला. "भात्तर सालच्या दुष्काळात खडी फोडायला गेला. परत आला न्हाई. बायकापोरं बी न्हाईत. त्याचं रान तवापासून पडून हाय."

"वहीत तर दरवर्षी पेरलेलं आहे. गेल्या सालीही चिठ्ठीत तेच रान होतं, आणि त्या तुकड्यात चार किलो साडेसहाशे ग्रॅम ज्वारी निघाली. पुढं त्याचा अंगठा आहे."

"साहेबानंच लावला असंल सोताचा."

"मलाही तेच वाटलं. म्हणून काल भिंग घेऊन बसलो." निवृत्तींनी काखेतली वही पुढं केली. "बहात्तरच्या आधीचा लिंबाजीचा खरा अंगठा त्याच वहीत आहे, सारा भरल्याचा. त्यानंतरचे बारा, दर सालच्या पेऱ्याचे. सगळे त्याच बोटाचे आहेत."

मग धुरपताबाई पेंढीकडं बघतच म्हणाली, "येळवशीला साहेब इचारायचा, आन् लिंबाजीचं कसं हाय? आमच्यातलंच कुणीतरी मनायचं, त्याचं बी भरपूर हाय. गेलेल्या माणसाच्या रानाला न्हाई कोण मनंल, तुमीच सांगा."

"मी उद्या तिथं जाणार आहे," निवृत्ती म्हणाले. "कागदावर पेरा आहे, म्हणजे मोजणी करावीच लागेल. दोरी लावायची, जे असेल ते तोलायचं आणि तेच लिहायचं. काही नसलं तर शून्य. पण तोलून शून्य. घरी बसून नाही."

त्यांनी सालेहाकडं वळून विचारलं, "अब्बा येतील का?"

"मी आल्याशिवाय ते कसे येतील?" सालेहा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. बांबू निवृत्तींच्या खांद्यावर, तराजू जिलानींकडं, वजनांची पिशवी सालेहाकडं. मागून पंच म्हणून नरसिंग आणि धुरपताबाई आले, आणि त्यांच्या मागून, कुणी न बोलावता, निम्मं गाव आलं. बेगमबीही आली. नजीरला निरोप गेला होता. मोजणीचे आकडे वर गेले आणि गाव सुखी ठरलं, की रविवारी निघायचं होतं.

लिंबाजीचं रान गावापासून लांब, माळाच्या पोटाशी होतं. गाव बांधावरच थांबलं. रान काळं होतं आणि भेगाळलं होतं. एवढी वर्षं पडीक, म्हणजे बाभळी उगवायला हव्या होत्या, कुसळ माजायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं. गवताची काडीसुद्धा नाही. सकाळीच कुणी झाडून घेतल्यासारखं सगळं स्वच्छ. मधोमध कडब्याची एक कोपी उभी होती. तिचा कडबा पिवळाधमक होता.

"ही कुणी बांधली?" निवृत्तींनी विचारलं.

बांधावरच्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी बांधली असेल. तसं म्हणायला मात्र कुणी पुढं आलं नाही.

निवृत्ती नियमानं रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहिले आणि कागदावर लिहिल्याप्रमाणं पावलं मोजत गेले. लांबीकडून सत्तेचाळीस, रुंदीकडून एकोणीस. तिथं त्यांनी खुंटी ठोकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. सालेहा दोरी घेऊन खुंट्यांभोवती फिरली. चौथ्या खुंटीला दोरीची गाठ बसली आणि तिला आवाज ऐकू आला.

सळसळ. वाळलेल्या ज्वारीची पानं एकमेकांना घासतात तशी. आवाज दोरीच्या आतून येत होता. तिनं एक पाऊल मागं घेतलं, दोरीबाहेर. आवाज थांबला. पुन्हा आत. सळसळ.

"साहेब."

"वारा असेल," निवृत्ती म्हणाले. पण त्यांच्या हातातला कागद हलत नव्हता.

त्यांनी नियम सोडला नाही. विळा घेतला आणि तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून गेले. कापायला काही नव्हतं. मग फडक्यानं जमीन झाडली. दाणा नाही, कणीस नाही. रिकाम्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून त्यांनी ते जिलानींकडं दिलं.

जिलानींनी तीन बांबू रोवले आणि तराजू टांगला. आधी त्यांनी तसलंच दुसरं एक रिकामं पोतं घेऊन धडा केला, म्हणजे पोत्याच्या वजनाइतके खडे समोरच्या पारड्यात टाकून दांडी समतोल केली. मग ते पोतं काढून घेतलं आणि निवृत्तींनी दिलेलं पारड्यात ठेवलं.

पारडं खाली गेलं.

हळूच नाही. भरलं पोतं ठेवल्यावर जातं तसं, साखळ्या ताणून, जमिनीला टेकलं. बांबू करकरले.

बांधावर कुणाच्या तरी कडेवरचं मूल रडायला लागलं, आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

जिलानींनी दांडीखाली बोट धरलं. "दोन किलो," ते म्हणाले. सालेहानं दोन किलोचं वजन ठेवलं. "अजून दोन." तिनं ठेवलं. "पाचशे." मग शंभर. मग पन्नास. दांडी सरळ झाली.

सालेहाला बेरीज करावी लागली नाही. चार किलो साडेसहाशे.

"पारडी बदल," जिलानी म्हणाले. तराजूवर शंका आली की ते असंच करायचे. तराजू खोटा असला, तर बाजू बदलल्यावर उघडा पडतो. सालेहानं पोतं उजवीकडं आणि खड्यांसकट वजनं डावीकडं ठेवली. दांडी पुन्हा सरळच राहिली. तराजू खरा होता.

निवृत्तींनी पेन्सिल कागदावर टेकवली. "आकडा सांग, सालेहा," ते म्हणाले. "तराजू दाखवेल तो मी लिहीन. मला दुसरा अधिकार नाही." मग जरा थांबून, तिची नजर चुकवत, "लातूरला गेल्या सालचाच आकडा हवाय. हा लिहिला तर तिथं कुणी एक प्रश्न विचारणार नाही."

"पोरी," बांधावरून धुरपताबाईचा दबका आवाज आला, "बरकत मन आन् मोकळी हो. रानात उभी हायस."

सालेहानं बांधाकडं पाहिलं. बेगमबी दोन्ही हातांत पदराचं टोक धरून उभी होती. सालेहाला वहीतली ओळ आठवली. कुटुंबातली माणसं तीन. तिला एकदम वाटलं, ती दुसरी सालेहा इथंच कुठंतरी आहे. त्या पिवळ्या कोपीत बसली आहे, भरलेल्या पोटानं, आणि वाट बघते आहे. आता फक्त आकडा म्हणायचा. मग त्या गावात अजून एक भरलेलं पोतं जाईल, आणि ते गाव अजून थोडं खरं होईल. आणि हे गाव तेवढंच कमी.

पण अब्बांनी तिला तराजूपाशी बसवलं, तेव्हा पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली होती. वजन हे नुसतं वजन नसतं, बेटी. ते कशाचं तरी असतं. कशाचं आहे, ते आधी हातानं बघ, मग तोंडानं सांग.

तिनं पोत्याची सुतळी सोडली.

आत हात घातला. पोत्याच्या आत गार होतं, भर दुपारी, माठाच्या पोटात असावं तसं. तिनं हात तळापर्यंत नेला. तागाचे धागे लागले. कोपरे चाचपले. काही नाही. तिनं पोतं पारड्यातून उचललं, तर ते रिकाम्या पोत्याएवढंच हलकं होतं. तिनं ते उलटं केलं, आतली बाजू बाहेर काढली आणि सगळ्यांच्या देखत झटकलं. एक कुसळसुद्धा पडलं नाही. मग तिनं ते पुन्हा पारड्यात ठेवलं. पारडं पुन्हा खाली आलं आणि दांडी सरळ झाली.

"काय हाय, बेटी?" जिलानींनी विचारलं. त्यांना काही दिसत नव्हतं. "सांग."

हा शब्द तिनं रानात कधी उच्चारला नव्हता. तिच्या माहितीत कुणीच उच्चारला नव्हता.

"काही न्हाई," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, एरवी खळ्यावर सांगायची तसं, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "पोतं रिकामं हाय. ज्वारी न्हाई. शून्य."

सळसळ थांबली.

पोत्याचं पारडं हललं. एखादा म्हातारा माणूस बाजेवरून दमानं उठतो तसं ते वर येऊ लागलं, बोट बोट करत. समोरची वजनं खाली जाऊन जमिनीला टेकली, आणि पोतं वर हवेत तरंगत राहिलं, रिकामं पोतं तरंगावं तसं. कोपीचा कडबा एका बाजूनं कलला. मग सगळी कोपीच खाली बसली. आत कुणी नव्हतं.

कुणाला काही झालं नाही. जमीन फाटली नाही. ऊन होतं तसंच राहिलं.

निवृत्तींनी कागदावर एक मोठं, गोल शून्य काढलं. पंच म्हणून धुरपताबाईचा अंगठा घेतला. शेतकऱ्याच्या अंगठ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, "हयात नाही," आणि खाली आपली सही केली.

"साहेब, आता निघंल का काम?" बेगमबीनं बांधावरून विचारलं.

"एका शून्यानं नाही निघत, भाभी," निवृत्ती म्हणाले. "दोन्ही रानांचे आकडे धरतात. त्यांच्यावर ठरेल."

सगळ्यांच्या माना नरसिंगकडं वळल्या. दुसरं रान त्याचं होतं. ते काही पडीक नव्हतं. त्यानं पेरलं होतं, राखलं होतं, आणि ज्वारीच्या वीतभर ताटांना बोटाएवढी कणसं आली होती. तिथं त्याचं खळं होतं, त्याच्या आज्यानं सारवलेलं, आणि त्या खळ्यावर त्याच्या घराण्यात कुणी कधी 'कमी' म्हटलं नव्हतं.

नरसिंग दोरीजवळ आला. त्यानं जमिनीला टेकलेल्या वजनांकडं पाहिलं आणि मग सालेहाकडं.

"माज्या रानात बी असंच मनशील का, पोरी?"

"जे हातात येईल ते म्हणीन, काका."

"कमी आलं तरी?"

"कमी आलं तर कमी म्हणीन."

नरसिंग खाली वाकला. त्यानं एक खुंटी उपटली, तिची माती धोतराला पुसली आणि बांबू आपल्या खांद्यावर घेतले.

सालेहानं वजनं एक एक करून पिशवीत भरली. पिशवी जड होती, ती तिनं दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली. मग एरवीसारखी मोठ्या माणसांच्या मागं न राहता ती त्यांच्या पुढं निघाली, नरसिंगच्या खळ्याकडं.